अर्धवेळ

२०२४ च्या जुलै महिन्यात बी. ए. प्रथम वर्षाच्या प्रवेशासाठी मी बाबांना घेऊन नांदेडला आले. लातूरहून सकाळी निघालेली एस. टी. चाकूर, अहमदपूर, लोहा करीत दुपारी पोहोचली. कार्यालयाच्या खिडकीत अर्जाची प्रत तपासून झाली आणि 'पालकाची सही' या रकान्यापाशी आतल्या माणसाचा हात थांबला. त्याने एकदा बाबांच्या डोक्यावरच्या मळक्या रुमालाकडे पाहिले, एकदा हाताकडे पाहिले आणि न बोलता शाईचा पॅड पुढे सरकवला. त्यात त्याचा काही दोष नव्हता. पोती उचलून राठ झालेले ते हात पाहून कोणीही तेच केले असते. बाबांनी पॅड हळूच बाजूला सारला, माझ्या हातातले पेन घेतले आणि वाकून, एकेक अक्षर कोरल्यासारखे, आपले पूर्ण नाव लिहिले. शेवटी खाली एक लहान रेघ ओढली आणि तिच्याखाली दोन टिंबे दिली.

ती रेघ आणि ती दोन टिंबे मूळची बाबांची नव्हेत. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, दाखल क्रमांकाच्या खाली, अगदी तशीच रेघ आणि तशीच दोन टिंबे असत. ती आमच्या ग्रंथपाल सरांची सही होती. त्या सरांविषयी मला लिहायचे आहे. आणि त्यांच्याविषयी लिहायचे म्हणजे माझ्या हातून घडलेली एक गोष्टही सांगावी लागेल. ती मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही.

२०१६ च्या जूनमध्ये मी लातूरच्या एका हायस्कुलात पाचवीत दाखल झाले. तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. शाळा उघडली तरी आमच्या गल्लीत टँकरची वाट पाहणे संपले नव्हते. माय चार घरची धुणीभांडी करी, बाबा मार्केट यार्डात हमाली करीत, म्हणून घागरींच्या रांगेत नंबर धरून बसण्याचे काम माझ्याकडे असे.

आमच्या घरात तोवर छापील अशा तीनच गोष्टी होत्या. रेशन कार्ड, भिंतीवरचे कॅलेंडर आणि माझी पाठ्यपुस्तके. त्यामुळे शाळेत 'ग्रंथालय' नावाची खोली आहे हे कळले तेव्हा ती आपल्यासाठी नसावी असेच मला वाटले. खोली म्हणजे तरी काय, जिन्याखालची एक अरुंद जागा. तिथे दोन लोखंडी कपाटे, एक टेबल, कोपऱ्यात लेझीम, डंबेल्स आणि झेंड्याची दोरी. टेबलामागे किरकोळ अंगाचे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले सर बसत. मी दारातून आत डोकावत होते.

"आत ये बाळ. दार वाचायसाठी नसतंय. घरी काय काम करतीस तू?"

"टँकरची रांग धरते."

"मग तुझ्याकडं वेळच वेळ आहे की!" असे म्हणून त्यांनी माझ्या हातात 'किशोर'चे जुने अंक एकत्र बांधलेला एक जाडजूड गठ्ठा ठेवला. पाठ्यपुस्तक मंडळाचे हे मासिक १९७१ पासून निघते; मुलांनी चाळून चाळून खिळखिळे केलेले अंक सर स्वतः खळ लावून, दाभणाने टोचून शिवत. शिवण सुतळीची होती. पोत्याची सुतळी आमच्या घरात पुष्कळ असे, म्हणून ते पुस्तक मला पहिल्याच दिवशी घरचे वाटले.

मी ते घागरींच्या रांगेत बसून वाचले. एके दिवशी टँकर आला, धक्काबुक्की झाली आणि पाण्याचा एक लोट माझ्या मांडीवरच्या पुस्तकावर आला. पाने फुगली. दंड किती होईल या धास्तीने दोन रात्री मला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी रडवेल्या तोंडाने मी ते टेबलावर ठेवले. सरांनी पाने उलटून पाहिली, दोन रद्दीचे कागद मध्ये घातले, वर दोन डंबेल्स ठेवले आणि नोंदवहीत माझ्या नावापुढच्या शेऱ्यात लिहिले, 'पाण्याने भिजले.' मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "यंदा लातुरात पाण्यानं भिजलेलं हे एकच पुस्तक असेल. जपून ठेवू."

त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर शिक्षकांच्या नावांचा फलक होता. त्यात अगदी तळाशी सरांचे नाव आणि पुढे कंसात 'अर्धवेळ' असे लिहिलेले. बरेच दिवस मला वाटे की ही बी. ए., बी. एड. यासारखीच एखादी पदवी असावी. पुढे कळले की विद्यार्थ्यांची संख्या हजाराच्या वर गेली तरच शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळतो. त्याखाली अर्धवेळ, काम अर्धे आणि पगारही अर्धा. आमच्या शाळेची संख्या हजाराला कधी पोहोचलीच नाही. राज्यातल्या अनेक शाळांतून अशी माणसे आयुष्यभर अर्धवेळ राहिली. सर १९९४ मध्ये लागले ते तसेच राहिले. नियमाप्रमाणे ते दुपारी दोन वाजता सायकलवर टांग मारून जात. पण पाचची घंटा झाली की पुन्हा दारात हजर. "ज्यांची मधली सुट्टी खेळण्यात गेली त्यांच्यासाठी," असे म्हणत. या दुसऱ्या फेरीचा पगार त्यांना कोणी देत नव्हते, हे समजण्याचे आमचे वय नव्हते.

ग्रंथालयशास्त्र म्हणून काही असते हे आम्हाला त्यांच्यामुळे कळले. १२ ऑगस्टला ते डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालीत आणि सांगत, की या माणसाने १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले आणि त्यातल्या पहिल्याचा मतलब एवढाच, की पुस्तक कपाटात जपण्यासाठी नाही, वापरण्यासाठी आहे. दोन कपाटांची ती पुस्तके, पण प्रत्येकाच्या पाठीवर त्यांनी वर्गांक लिहिलेला. मराठी साहित्याला ८९१.४६. हा आकडा मला घरच्या पत्त्यासारखा पाठ झाला. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन झाले की, जिन्याखाली ते सतरंजी अंथरून पुस्तके मांडीत. "१९४८ च्या आधी इथं निजामाचं राज्य होतं. वरचं शिक्षण उर्दूतून. तेव्हा मराठी वाचनालय काढणं हीच चळवळ होती," असे ते सांगत आणि परभणीच्या १९०१ सालच्या गणेश वाचनालयाचे नाव आवर्जून घेत. एरवी हळू बोलणारा माणूस त्या दिवशी थोडा मोठ्याने बोले.

त्यांची एक सवय मात्र आम्हाला कोड्यात टाकी. वरच्या कप्प्यात ते जड पुस्तक कधीच ठेवू देत नसत. शब्दकोश, चरित्रकोश, सगळे तळाशी. एकदा मी जाड कोश वर ठेवला तर तो त्यांनी धावत येऊन काढला. पुढे शिपाई काकांकडून कळले की औसा तालुक्यातले त्यांचे घर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात पडले होते. सर त्याविषयी कधीच बोलले नाहीत. फक्त जड पुस्तके खाली ठेवीत.

आता ती गोष्ट.

मी सातवीत होते. २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत, सोयाबीनचा हंगाम भरात असताना, बाबांची भाकरी घेऊन मी मार्केट यार्डात गेले. एरवी माय जाई. त्या दिवशी तिला ताप होता. सगळीकडे सोयाबीनचे ढीग, धूळ, काट्यांचा खडखडाट. आडतीच्या ओट्यावर बाबा दिसले नाहीत म्हणून मी दुकानात डोकावले. आत गादीवर, उतरत्या लाकडी डेस्कपुढे, मांडी घालून सर बसले होते. समोर लाल बांधणीची लांबट वही. ते शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहीत होते. शेजारी सुतळीचा गुंडा होता. मालकाने बसल्या जागेवरून "मुनीमजी, पाणी सांगा," असे म्हटले आणि सर उठून पाणी सांगायला गेले.

मी भाकरी पायरीवर ठेवून पळाले.

त्या वेळी मला काय वाटले ते आज नीट सांगायचे तर असे, की आधी वाईट वाटले आणि मग, हे लिहायला लाज वाटते, थोडे बरे वाटले. वर्गात मला 'हमालाची' म्हणणाऱ्या मुली होत्या. सरही तिथेच, माझ्या बापाच्याच दुकानात, त्याच मालकाचे बोलणे ऐकत होते. आपल्यापेक्षा उंच वाटणारे कोणी एकदम आपल्या पायरीवर आले की माणसाला जो हलका आनंद होतो तो मला बाराव्या वर्षी झाला. शाळा उघडताच मी ते मैत्रिणींना सांगितले. सगळ्या हसल्या. मला पहिल्यांदाच त्यांच्यात जागा मिळाली. कोणीतरी म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही." आणि मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या बंद दारावर मी खडूने मोठ्या अक्षरात लिहिले, 'मुनिम.'

अक्षर खरेच चांगले होते. माझ्या अक्षराला वळण सरांनीच लावले होते.

आम्ही जिन्यावर दडून बसलो. सर आले. दारापुढे उभे राहिले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी वाचले. मग खिशातून खडूचा तुकडा काढला. 'नि'ची पहिली वेलांटी बोटाने पुसली, दुसरी वेलांटी दिली. 'मुनीम.' हात झटकला, कुलूप उघडले आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, "चला, कोणाकोणाची पुस्तकं बदलायची आहेत?"

कोणी हसले नाही. मैत्रिणी एकेक करून खाली उतरल्या. मी जिन्यावरच राहिले. तो शब्द पुसट होत होत जानेवारीपर्यंत दारावर होता. त्यांनी तो पुसला नाही आणि मला पुसायचा धीर झाला नाही. मी ग्रंथालयात जाणेच सोडले.

महिन्याभराने एका रात्री जेवणे झाल्यावर बाबांनी माझी जुनी पाटी मागितली. मला हसू आले. बाबा लाजत म्हणाले, "मुनीमजी म्हणलेत, पुढल्या शनवारी अंगठा घेनार न्हाई. सही शिकून या म्हणलेत." त्यांनी कंबरेच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढली. आडतीच्या पट्टीच्या कोऱ्या बाजूवर बाबांचे नाव सुटे सुटे लिहिलेले होते. खाली, कशी काढायची ते दाखवण्यासाठी, एक रेघ आणि दोन टिंबे.

"कोणते मुनीमजी?" मी विचारले, जणू मला माहीतच नव्हते.

"तुमच्या शाळेतलेच की. दुपारून आमच्याकडं असतेत. लई नेकीचा मानूस हाय, बाई. मागं एकदा म्या चाळीस कट्टे उचलले आन् वहीत अडतीस लागले. मला अडान्याला काय कळतंय? तो मानूस गादीवरून उठला, गोदामात गेला, समदे कट्टे पुन्हा मोजले, आन् मालकादेखत अडतीसाचे चाळीस केले. त्या मानसानं कुनाचं एक पोतं कधी कमी लिवलं न्हाई."

बाबा पाटीवर वाकले. मी दिव्याकडे पाठ करून झोपेचे सोंग घेतले. ज्या हाताने माझ्या नावापुढे 'पाण्याने भिजले' असे लिहिले होते, त्याच हाताने माझ्या बापाचे दोन कट्टे परत लिहिले होते. आणि त्या हाताची थट्टा मी त्याच हाताने शिकवलेल्या अक्षरात केली होती.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले. सांगायचे ठरवून गेले होते. सरांनी नोंदवही उघडली, माझे पान काढले. "महिनाभर काहीच नेलेलं नाहीस. बरं नव्हतं का?"

"हो सर," मी म्हणाले.

हे खोटे होते, आणि ते खोटे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते असे मला आज वाटते. "मग आता भरून काढावं लागेल," एवढेच ते म्हणाले आणि दोन पुस्तके दिली. नियम एकाचाच होता.

सांगायचे राहून गेले ते गेलेच. आठवीच्या शेवटी, मार्च २०२० मध्ये, त्यांनी मला लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' दिले. "आपल्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या माणसाचं आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालाय, १९८८ साली. आठवीत हे द्यावं का नाही, दोन दिवस विचार केला. सगळं आत्ताच कळणार नाही. वाचून झालं की नुसतं टेबलावर ठेवून जाऊ नकोस. बस. बोलू." त्या वेळी मी मनाशी ठरवले, हे पुस्तक परत करताना सारे सांगून टाकायचे.

आठवडाभरात शाळा बंद झाल्या. मग टाळेबंदी आली. काही दिवस मार्केट यार्डही थंडावले आणि बाबा घरी बसून राहिले. शेजारच्या ताईंच्या मोबाइलवर वर्ग भरे तेव्हा भरे. त्या काळात 'उचल्या' मी तीनदा वाचले. आपल्या घराण्यात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेला मुलगा, त्याची उपासमार, त्याची भीती, आणि हे सारे लातूरच्या मातीत घडलेले. आमच्यासारख्यांचे जगणे पुस्तकात असू शकते हे मला तोवर माहीत नव्हते. पुस्तकात फक्त वाडे आणि बागा असलेली माणसे असतात असे वाटे. सरांशी बोलण्यासारखे माझ्याजवळ आता पुष्कळ साठले होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आमचे दहावीचे वर्ग भरू लागले तेव्हा जिन्याखालच्या दाराला कुलूप होते. सर ३१ मे रोजी सेवानिवृत्त झाले होते. शाळाच बंद, त्यामुळे निरोप नाही, शाल-श्रीफळ नाही, भाषणे नाहीत. सत्तावीस वर्षे अर्धवेळ राहून ते गेले. आडतही त्यांनी सोडली आणि गावी राहायला गेले, असे बाबांनी सांगितले.

पुढे बारावी झाली. सारा महाराष्ट्र डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातूरला येतो आणि मी लातूर सोडून नांदेडला, तेही कला शाखेला निघाले, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी मला वेड्यात काढले. आत्या नांदेडला राहते हे कारण मी सर्वांना सांगितले. ते खोटे नाही, पण पुरेही नाही. सर नरहर कुरुंदकरांविषयी नेहमी बोलत. आधी शाळेत शिकवणारा हा माणूस पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाला, १९८२ मध्ये पन्नाशी गाठण्याआधीच गेला, पण त्याने गावाला वाचायची आणि वाद घालायची सवय लावली. "नांदेडला एकदा जाऊन राहा," असे सर म्हणत. म्हणून मी आले. ट्रंकेत कपड्यांखाली 'उचल्या' होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, २०२५ मध्ये, ते परत करायला मी शाळेत गेले. ग्रंथपालाची जागा तेव्हाही रिकामी होती. कार्यालयातल्या कारकुनांनी कुलूप काढून दिले. खोलीला कोंदट वास येत होता. जड पुस्तके अजून तळाच्याच कप्प्यात होती. मी टेबलाच्या खणातून नोंदवही काढली आणि माझे पान उघडले. शेवटची नोंद 'उचल्या'. परतीची तारीख कोरी. शेऱ्याच्या रकान्यात, ३१ मे २०२१ ही तारीख घालून, ओळखीच्या अक्षरात दोनच शब्द लिहिलेले होते.

'वाचत आहे.'

मी पाने उलटली. टाळेबंदीत ज्या ज्या मुलांकडे पुस्तक अडकले त्या प्रत्येकाच्या नावापुढे तेच लिहिलेले होते. 'थकीत' नाही, 'गहाळ' नाही. 'वाचत आहे.' अशी सतरा नावे मी मोजली. त्यातली काही मुले शाळा सोडून कामाला लागली आहेत हे मला ठाऊक होते. सरांनाही असणार.

"पण कार्यभार देताना हिशोब कसा जुळला?" मी कारकुनांना विचारले.

त्यांनी वहीच्या शेवटच्या पानाला टाचलेली पावती दाखवली. सतरा पुस्तकांची छापील किंमत सरांनी स्वतः भरली होती. "त्यामुळं हे पुस्तक आता शाळेच्या खात्यावर नाही. मला घेता येणार नाही," कारकून म्हणाले. "ते सरांचंच झालं."

घरी आल्यावर मी बाबांना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हिशेब जुळवल्याबिगर तो मानूस उठनारच न्हाई." आणि थोड्या वेळाने, "उन्हाळ्यात जाऊ त्यांच्या गावाला. म्या बी येतो."

नांदेडला रोज कॉलेजला येताना नवा मोंढा लागतो. दुकानांतून आता संगणक आले आहेत, तरी एखाद्या गादीवर अजून कोणी वही पुढ्यात घेऊन बसलेला दिसतो. मी क्षणभर थांबते. हा माणूस सकाळी कुठे असेल, कोणाच्या मुलीला काय वाचायला देत असेल, असे उगीच मनात येते.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि बाबा औसा तालुक्यातल्या त्या गावी जाणार आहोत. पुस्तक सरांच्या हाती देईन आणि दारावरचे अक्षर माझे होते हे सांगेन. त्यांनी ते त्याच दिवशी ओळखले असणार. ज्याने वळण लावले त्याला वळण ओळखू येतेच. तरीही सांगायचे आहे, कारण नोंद झाल्याखेरीज व्यवहार पुरा होत नाही, हे मी त्यांच्याच दोन वह्यांवरून शिकले.

वार्षिकाचा हा अंकही सोबत नेईन. हा लेख सर चष्मा कपाळावर सारून वाचतील. त्यात कुठे वेलांटी चुकली असेल तर त्यांनी ती दुरुस्त करावी.